एमएसएन आधी की एनक्लेक्स आधी?

सिस्टर, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बी.एस्सी. नर्सिंग झालंय, चार वर्षं आयसीयूत आहात, अमेरिकेत एमएसएनला, म्हणजे नर्सिंगच्या मास्टर्सला, अर्ज करायचाय. आणि तुमच्या एका सीनियरने सांगितलंय की तिथली मास्टर्स झाली की एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा, द्यावी लागत नाही, लायसन्स आपोआप मिळतं. सीनियरचा मान ठेवून सांगते, हे साफ चूक आहे. बहुतेक कॉलेजं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्सशिवाय एमएसएन पुरं करूच देत नाहीत.

क्लिनिकलला तुम्ही खऱ्या पेशंटला हात लावणार, त्यामुळे जिथे क्लिनिकल होणार त्या राज्याचं, कसलाही निर्बंध नसलेलं लायसन्स लागतं. काही कॉलेजं ते अर्जासोबतच मागतात. काही म्हणतात, प्रवेश घ्या, पहिल्या क्लिनिकलआधी लायसन्स नंबर द्या. हा दुसरा प्रकार ऐकायला सोयीचा वाटतो, पण माणूस फसतो तो इथेच. फी भरून, आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद) घेऊन तुम्ही तिथे पोहोचता, आणि निम्मे कागद अजून भारतातून निघायचेत. क्लिनिकल हुकलं की ते सेमिस्टर हलकं होतं, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ शिकणं ही अट आहे. मग इंटरनॅशनल ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या.

डिग्री आणि लायसन्स या वेगळ्या खिडक्या आहेत. डिग्री विद्यापीठ देतं, लायसन्स त्या राज्याचं बोर्ड ऑफ नर्सिंग. आणि बोर्ड तुमचं पहिलं नर्सिंग शिक्षण पाहतं. एमएसएन कितीही मोठ्या विद्यापीठाची असो, तपासणी तुमच्या बी.एस्सी.चीच होणार: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरुग्ण आणि मानसिक आरोग्य यांत थिअरीचे तास किती, क्लिनिकलचे किती.

म्हणून सुरुवात राज्यापासून करा. एनक्लेक्स देशभर एकच आहे, एकदा पास झालात की दुसऱ्या राज्यात पुन्हा द्यावी लागत नाही, लायसन्स तिकडे नेता येतं. पण परीक्षेला बसू देण्याचे नियम प्रत्येक बोर्डाचे वेगळे. बरीच बोर्डं परदेशी नर्सचे कागद तपासणाऱ्या सीजीएफएनएसकडून शिक्षणाचा अहवाल मागतात (ही संस्था आता ट्रूमेरिट या नावाने काम करते, दोन नावं पाहून गोंधळू नका). कॅलिफोर्निया कागद स्वतः तपासतं आणि तिथे एखाद्या विषयाची थिअरी आणि त्याचं क्लिनिकल एकाच काळात झालेलं असावं लागतं. थिअरी एका वर्षी आणि पोस्टिंग पुढच्या वर्षी, असं झालं असेल तर अर्ज अडतो. शिवाय काही बोर्डं सोशल सिक्युरिटी नंबर असल्याशिवाय लायसन्स हातात देत नाहीत, आणि तो भारतात बसून मिळत नाही. कॉलेज ज्या राज्यात क्लिनिकल करवणार, त्या बोर्डाचं पान आधी नीट वाचा. ऑनलाइन एमएसएन असेल तर तुम्ही प्रत्यक्ष ज्या राज्यात पेशंट पाहणार, ते राज्य धरायचं.

कागद तुम्ही स्वतः पाठवून चालत नाहीत. ट्रान्स्क्रिप्ट आणि तासांचा तक्ता थेट शिक्षणसंस्थेकडून जातो, रजिस्ट्रेशनची पडताळणी थेट काउन्सिलकडून, तुमच्या बाबतीत महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडून. माझं अडलं ते तासांच्या तक्त्यावर. माझ्या कॉलेजात जुनी रजिस्टरं कुठे ठेवलीत हे फक्त एका क्लार्कला ठाऊक होतं आणि ते निवृत्त झालेले. तुम्ही अजून गावात आहात, स्वतः जाऊन उभ्या राहू शकता. हे काम भारत सोडण्याआधी उरका, सातासमुद्रापलीकडून फोनवर होत नाही.

आणि नाव. हा आपल्याकडचा खास घोळ. मार्कशीटवर आडनाव पुढे, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. काउन्सिलकडे माहेरचं आडनाव. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. माझ्या तीन कागदांवर मी तीन वेगळ्या बायका होते. परीक्षेला बसण्याची जी परवानगी येते, म्हणजे एटीटी, तिच्यावरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फीही जाते. अमेरिकेबाहेरच्या केंद्रावर ओळख म्हणून पासपोर्टच चालतो, आधार नाही. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद, जे असेल ते आत्ताच काढून ठेवा आणि पहिल्या अर्जापासून पासपोर्टवरचंच नाव लिहा.

परीक्षा मुंबईत देता येते, ती घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीच्या केंद्रावर. नोंदणीचे २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेर देण्याचे वरचे १५०. बोर्डाची आणि अहवालाची फी निराळी. एप्रिल २०२३ पासून नवीन स्वरूप आहे: कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. तुमच्या उत्तरांनुसार कॉम्प्युटर पुढचा प्रश्न निवडतो आणि तुम्ही पास की नापास याची खात्री पटली की थांबतो. ८५ ला बंद पडलं म्हणून पास किंवा नापास असं काही नसतं, उगाच रात्र जागू नका. तीन केस स्टडी हमखास येतात, प्रत्येकीत सहा प्रश्न. नापास झालात तर ४५ दिवसांनी पुन्हा.

आयसीयूतल्या अनुभवाने ज्ञान आहे, पण सवय आडवी येते. आपल्याकडे ड्यूटीवर 'डॉक्टरांना कळवलं' हे सगळ्यात सुरक्षित उत्तर. एनक्लेक्समध्ये तेच अनेकदा चुकतं. रक्त चढताना रिअ‍ॅक्शन आली तर आधी ट्रान्सफ्युजन थांबवा, मग फोन. दुसरी अडचण कामाच्या वाटणीची. स्थिर पेशंटचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) असिस्टंटला सांगता येतात, पण पहिलं असेसमेंट आणि डिस्चार्जच्या वेळचं शिकवणं आरएनकडेच राहतं. आपल्या वॉर्डात मामा-मावशींवर आपण जे सहज सोपवतो, ते विसरून हे प्रश्न सोडवावे लागतात. मला सगळ्यात जास्त सराव याचाच करावा लागला.

एमएसएननंतरचंही आत्ताच पाहा, कारण शाखा त्यावरून ठरते. नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स) व्हायचं तर आरएन लायसन्सवर आणखी एक राष्ट्रीय परीक्षा असते, त्या शाखेची. एज्युकेशन किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेशन घेतलंत तर तशी सक्ती नाही. आयसीयूवाल्यांना भूल देणाऱ्या नर्सचं, सीआरएनएचं आकर्षण असतं. पण तिथे एमएसएन आता पुरत नाही, २०२२ पासूनचे प्रवेश डॉक्टरेटलाच होतात. आणि किमान एक वर्षाचा क्रिटिकल केअरचा अनुभव अमेरिकेतला लागतो. तुमची इथली चार वर्षं त्यात धरली जाणार नाहीत. वाईट वाटेल, पण आत्ता कळलेलं बरं.

लायसन्स मिळालं म्हणजे नोकरी करता येते असंही नाही. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, एवढीच साधारण मोकळीक. कॉलेजबाहेरच्या हॉस्पिटलात एक शिफ्टही परवानगीशिवाय करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. विद्यार्थी म्हणून जाताना व्हिसास्क्रीन (नर्सचं शिक्षण आणि लायसन्स तपासून दिलेलं प्रमाणपत्र) लागत नाही. पुढे नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डकडे वळताना मात्र लागतं, अमेरिकेत शिकलेल्या परदेशी नर्सलासुद्धा.

आत्ताची नोकरी सोडून अभ्यासाला बसू का, हेही तुम्ही विचारलंत. नको. कागदांना महिनोन्‌महिने लागतात आणि त्या काळात अभ्यास ड्यूटी सांभाळून होतो. नाइट सलग लागू नयेत एवढं मेट्रनशी बोलून घ्या. एटीटी आली की तारीख घ्या आणि त्याआधीच्या महिनाभराची रजा लगेच मागून ठेवा.