महानगरांच्या लोकसंख्येचे भाकीत

प्रश्न : मुंबईच्या भावी लोकसंख्येचे अंदाज वेळोवेळी प्रसिद्ध होतात; ते प्रत्यक्षापासून इतके दूर का जातात? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : १९९० च्या दशकाच्या मध्यास संयुक्त राष्ट्रांनी २०१५ सालच्या मुंबईसाठी अडीच कोटींहून अधिक लोकसंख्येचे भाकीत केले होते, त्याच संस्थेच्या २०१८ च्या अहवालात २०१५ चा आकडा मात्र सुमारे १.९ कोटी आहे. जन्म आणि मृत्यू यांचे प्रमाण वयोगटांनुसार पुढे नेणे तुलनेने सोपे असते. खरी अडचण स्थलांतराची, कारण ते रोजगार, घरांच्या किमती आणि लोकलच्या सोयी यांनुसार दिशा बदलते. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९९१ ते २००१ या दशकात सुमारे २० टक्क्यांनी वाढली, तर पुढच्या दशकात जेमतेम ४ टक्क्यांनी वाढून १.२४ कोटींवर पोहोचली. मुंबई शहर जिल्ह्याची तर चक्क घटली. त्याच दशकात ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होते) ८१ लाखांवरून १.१ कोटींवर गेला. वाढ थांबली नव्हती, ती आपल्या डोंबिवलीसारख्या उपनगरांकडे सरकली होती. म्हणून कोणताही अंदाज वाचताना तो महापालिकेच्या हद्दीचा आहे की संपूर्ण महानगर प्रदेशाचा, हे आधी पाहावे. ही हद्द न सांगणारा आकडा माझ्या मते विचारात घेण्याजोगाच नाही. त्यातच २०२१ ची जनगणना लांबल्यामुळे सध्याचे बहुतेक अंदाज २०११ च्याच पायावर उभे आहेत.