स्टेंट फुग्यावरून निसटला, तर?

प्रश्न : वडिलांना (वय ६८) अटॅक आला. मनगटातून अँजिओप्लास्टी करताना स्टेंट आतच निसटला. तो काढून दुसरा बसवला. हा हलगर्जीपणा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ही माहीत असलेली गुंतागुंत आहे. शंभरात एकापेक्षाही कमी वेळा घडते. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) फुग्यावर नुसता दाबून बसवलेला असतो. धमनी वाकडीतिकडी, कॅल्शियमने कडक असेल तर तो पुढे सरकत नाही. मग मागे ओढताना गाइड कॅथेटरच्या (ज्या नळीतून फुगा आत नेतात तिच्या) तोंडाशी त्याची कड अडकते आणि फुगा एकटाच परत येतो. ब्लॉकेज आधी फुग्याने नीट उघडलं नसेल तर धोका वाढतो, आणि अटॅकमध्ये घाई असतेच.

निसटल्यावर, जिच्यावरून फुगा आणि स्टेंट आत नेतात ती ०.०१४ इंची तार जागची हलू द्यायची नाही. स्टेंट तिच्यावरच ओवलेला असतो. तार निघाली की तो मोकाट. त्याच तारेवरून १.२५ किंवा १.५ मिमीचा फुगा स्टेंटमधून पलीकडे नेतात, हलकेच फुगवतात आणि मागे घेतात. गफलत होते ती पुढे. वेडावाकडा झालेला स्टेंट ६ फ्रेंचच्या, म्हणजे बाहेरून जेमतेम २ मिमीच्या, कॅथेटरमध्ये सहसा शिरत नाही. जोर लावला तर पुन्हा सुटतो. म्हणून कॅथेटर, फुगा, तार सगळं एकत्रच मागे आणायचं. मनगटाची धमनी बारीक, तिथे अडलं तर जांघेतून फास टाकून धरतात. या सगळ्यात वेळ जातो, म्हणून हेपरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) परिणाम मधूनमधून तपासावा लागतो. नाहीतर तार-कॅथेटरवरच गुठळी धरते.

फुगा पलीकडे गेलाच नाही तर शेजारून दुसरी तार घालून नवा स्टेंट उघडतात आणि जुना भिंतीशी चेपून टाकतात. प्रेशर पडत असेल, रक्तप्रवाह थांबला असेल, तर काढण्याच्या हट्टापेक्षा हेच शहाणपणाचं.

डिस्चार्ज कार्डावर ‘निसटलेला स्टेंट पूर्ण काढला’ अशी नोंद आहे का पाहा आणि प्रोसीजरची सीडी मागून घ्या. अ‍ॅस्पिरिन आणि सोबतची गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी (ही साधारण वर्षभर) हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नका, दात काढायचा असला तरी.

प्रश्न : स्टेंट असताना एमआरआय चालतो का?

उत्तर : आजकालच्या स्टेंटना चालतो. फक्त स्टेंटचं कार्ड आधी दाखवा.