उंदीर राहतात शेजारी, जेवतात आमच्याकडे

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही राजापूर तालुक्यात गावी राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि पाच वर्षांचा नातू. आमच्या घराला लागूनच मिस्टरांच्या चुलत भावाचं घर आहे, मध्ये फक्त जुना दगडी गडगा. दीर-जाऊ मुंबईला, घर वर्षभर बंद, गणपतीत आणि शिमग्यात तेवढं उघडतं. त्यांच्या परसात नारळाची सोडणं, झावळ्या, जुने वासे, फुटकी कौलं असा मोठा ढीग पडलाय आणि तिथून उंदीर नि घुशी आमच्याकडे येतात. सुरण, कणगरं उकरून खाल्ली. माडाखाली रोज दोन-तीन कोवळे नारळ भोक पडलेले मिळतात. आता न्हाणीच्या मागे बीळ केलंय आणि तिथली जमीन बसायला लागलीय. मिस्टर म्हणतात विष घालून मोकळे होऊ. सासूबाई म्हणतात गणपतीचं वाहन, मारायचं नाही. दिरांना फोन केला तर म्हणाले, "उंदीर काय आम्ही पाळलेत?" आणि ठेवून दिला. चार महिने बोलणं बंद आहे. काय करू?

उत्तर : वहिनी, सगळ्यात आधी मिस्टरांना थांबवा. बाकीचं नंतर बोलू. घरात पाच वर्षांचं पोर आहे आणि बाजारात ती जी काळपट राखाडी पावडर मिळते ना, ती झिंक फॉस्फाइड असते, पोटात गेली की तिथल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार होतो आणि त्याच्यावर उतारा म्हणून औषधच नाही, डॉक्टर फक्त पेशंटला सांभाळू शकतात. ट्यूबमधली जी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट असते ती तर लिव्हर निकामी करते, तिलाही उतारा नाही. माझ्या लहानपणी आमच्याकडे वडिलांनी कणकेच्या गोळ्यात ती पावडर घालून गोठ्याच्या कडेला ठेवली होती. उंदीर मेले दोन. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींची मांजर आमच्याच विहिरीजवळ पाय ताणून पडलेली सापडली, तोंडाला फेस. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर त्या आमच्या विहिरीवर आल्याच नाहीत. मला ते अजून आठवतं म्हणून एवढं कळकळीनं सांगतेय.

आता उंदरांचं. तुम्ही लिहिलंय तसे ते येतात तिकडूनच, त्यात वाद नाही, पण येतात कशाला ते बघा. दिरांच्या परसात त्यांना लपायला जागा आहे, खायला मात्र तिथे काहीच नाही, बंद घरात कोण शिजवतंय? राहायचं तिकडे आणि जेवायचं तुमच्याकडे. म्हणजे दिरांनी उद्या सगळा ढीग उचलला तरी तुमच्याकडचं ताट मांडलेलंच राहिलं तर ते तुमच्याच पडवीत, नाहीतर माळ्यावर राहायला येतील. दोन्हीकडे काम आहे, आणि तुमच्या हातात आहे ते तुमच्या बाजूचं, तिथून सुरुवात करा.

पहिल्या संध्याकाळी एक करा. तुमच्या बाजूला जेवढी बिळं दिसतात ती सगळी ओल्या मातीनं लिंपून टाका आणि गडग्यावर चुलीतली राख चाळून पातळ पसरा. सकाळी उजाडल्या उजाडल्या जाऊन बघा. जी बिळं उकरलेली दिसतील ती चालू, बाकीची जुनी, रिकामी. राखेवर बारीक बोटांचे ठसे आणि मध्ये शेपटीची रेघ दिसेल, ती कुठून कुठे जाते बघा. उंदीर रोज नवी वाट काढत नाही, भिंतीला अंग घासत त्याच त्याच वाटेनं जातो, चिऱ्यावर तेलकट काळा पट्टासुद्धा दिसतो. ही वाट एकदा कळली की अर्धं काम झालं. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा असेल तर ती घूस. घूस म्हणजे साधा उंदीर नव्हे, मोठी असली तर किलोच्या आसपास भरते, मांजरसुद्धा तिच्या वाटेला जात नाही, आणि जमीन बसतेय ती तिच्यामुळेच. ते बीळ बुजवायचं काम लांबवू नका, पावसाचं पाणी त्या बिळात शिरलं तर भिंत धोक्यात येते.

ते बीळ बुजवताना नुसती माती घालू नका, ती रात्रीत बाहेर येते. आधी खडी आणि फुटक्या काचा आतपर्यंत ठासा, वर सिमेंटचा गिलावा. न्हाणीचं पाणी बाहेर जातं तिथे लोखंडी जाळी बसवा, बारीक भोकांची, बोट जाणार नाही अशी, कारण मोठ्या उंदराला अर्ध्या इंचाची फट पुरते आणि छोट्याला पेन्सिल जाईल एवढी. प्लास्टिकची जाळी घेऊ नका, ते एका रात्रीत कुरतडतील, त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, कुरतडल्याशिवाय त्यांना गत्यंतर नाही. मागच्या दाराखाली पत्र्याची पट्टी मारा. भात पोत्यात असेल तर पत्र्याच्या पिंपात घाला. कुत्र्या-मांजराचं ताट, कोंबड्यांचे दाणे संध्याकाळनंतर बाहेर नकोत, आणि खरकटं केळीच्या बुंध्याशी टाकायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे, ती तेवढी मोडा. खत करायचंच असेल तर झाकणाच्या ड्रममध्ये करा.

माडाचं वेगळं. कोवळ्या नारळाला देठाजवळ भोक असतं ते माडावर चढणाऱ्या उंदराचं काम. खोडाला माणसाच्या डोक्याच्या वर, जमिनीपासून साधारण ६ फुटांवर, हात-सव्वाहात रुंदीचा गुळगुळीत पत्रा गोल मारून घ्या, त्यावरून त्याचे पाय घसरतात. पण शेजारच्या माडाची झावळी तुमच्या झावळीला टेकलेली असेल तर पत्रा मारून उपयोग शून्य, तो वरच्या वर उडी मारून येतो. झावळ्या आधी साळून घ्या. खात्री करायची असेल तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारा, नारळाचं त्यांना चांगलं माहीत आहे.

आता मारायचं की नाही. सासूबाईंना सांगा की वर जेवढं लिहिलंय त्यात एकही जीव मारलेला नाही, खाणं बंद आणि दार बंद एवढंच. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता बरंच होतं. तरी खरं सांगायचं तर आत जे राहतील त्यांचं काहीतरी करावंच लागेल, कारण उंदरीण २१-२२ दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं अडीच-तीन महिन्यांत स्वतः विणारी होतात. पिंजरा लावा, नाहीतर जुना लोखंडी चाप, त्यात जीव पटकन जातो. पिंजऱ्याचं लोक काय करतात, आज आणला, आज भजी लावली, उद्या रिकामा, "उंदीर हुशार झालेत" म्हणून माळ्यावर टाकला. उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. पहिले तीन दिवस पिंजऱ्याचं दार उघडं बांधून ठेवा, आत सुकट किंवा भाजलेलं खोबरं टाका, खाऊन जाऊ दे त्याला. चौथ्या दिवशी दार लावा. आणि पिंजरा त्या राखेवर दिसलेल्या वाटेवरच, भिंतीला चिकटून. सापडलेला गडग्यापलीकडे सोडू नका, तो तुमच्या आधी घरी पोचेल.

चिकटपट्टीचे बोर्ड मात्र आणू नका. त्यावर जनावर दोन दोन दिवस जिवंत तडफडतं, पाल, चिमणी काय वाट्टेल ते चिकटतं. प्राणी कल्याण मंडळानंही राज्यांना ते नकोत असं कळवलेलं आहे. आवाजाचं मशीन, डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल यावर पैसे घालवू नका, चार दिवस बरं वाटतं आणि मग ते त्याला सरावतात. अगदीच हाताबाहेर गेलं तर ब्रोमाडिओलोन या उंदराच्या विषाची वडी मिळते, तिला निदान व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण तीही बिळात खोल सरकवून वरून बीळ बंद करायचं, उघड्यावर नाही, कारण वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्तावून फिरतो आणि मांजर किंवा घुबड त्याला खातं. आपलं पांढरं गव्हाणी घुबड रात्रीत कितीतरी उंदीर नेतं. ते आणि धामण, हे दोघं तुमच्या परसात असतील तर तुमचं नशीब समजा. धामण बिनविषारी आहे आणि कायद्यानं संरक्षितसुद्धा, तिला काठी लावू नका. पण उंदरांमागे नागही येतो हे लक्षात ठेवा, तो ढीग कधीही नुसत्या हातानं उपसायचा नाही.

आणि एक, पावसात अनवाणी परसात जाऊ नका, नातवाला तर नाहीच. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, पायाला साधा ओरखडा असला तरी त्या पाण्यातून जंतू आत शिरतात, कोकणात दर पावसाळ्यात माणसं आजारी पडतात. ताप, डोळे लाल, पोटऱ्या प्रचंड दुखतायत असं झालं तर घरी पॅरासिटामॉल घेत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि "घरात उंदीर आहेत" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडायचं, थोडं थांबायचं, मग उचलायच्या.

आता दीर. वहिनी, मला वाटतं फोनवर "तुमच्याकडचे उंदीर" असं निघालं आणि तिथेच बिघडलं. बंद घर हे त्यांचंही दुखणं असतं, दरवर्षी येऊन कुलूप उघडताना त्यांच्याही पोटात गोळा येत असणार. तुम्ही त्यांना न्हाणीच्या बिळाचा आणि बसलेल्या जमिनीचा फोटो पाठवा आणि लिहा की भावजी, इकडे अशी अवस्था आहे, तुमच्याही घराच्या पायाला हेच होत असेल, मी दोन गडी लावून दोन्ही परसं एकदम साफ करून घेते, मजुरी निम्मी निम्मी, तुम्ही फक्त हो म्हणा. बंद घराचा पाया पोखरला जातोय म्हटल्यावर माणूस ऐकतो. हे काम शिमग्यानंतर, पावसाच्या आधी झालं तर उत्तम, बिळं कोरडी असतात. वासे जमिनीवर न ठेवता चिऱ्यांवर फूटभर उंच रचून ठेवा, म्हणजे खाली आडोसा राहत नाही. नाहीच ऐकलं तर ग्रामपंचायतीत अर्ज देता येतो, पण तो शेवटी. गणपतीला एकाच आरतीला उभं राहायचंय तुम्हाला.

प्रश्न : मी गिरगावात जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो. आमच्या आणि बाजूच्या बिल्डिंगमध्ये हाउस गल्ली आहे. बाजूचे लोक खिडकीतून कचरा, उरलेलं जेवण सरळ गल्लीत फेकतात आणि उंदीर आमच्या मोरीतून वर येतात. आमच्या बाजूचं सगळं आम्ही बंद केलंय. आता कुणाकडे तक्रार करू?

उत्तर : वॉर्ड ऑफिसला, आणि तिथे दोन खाती आहेत हे लक्षात ठेवा. कचऱ्याची तक्रार घनकचरा खात्याकडे, उंदरांची कीटकनाशक खात्याकडे, दोन वेगळे अर्ज द्या नाहीतर एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. दोन्ही अर्जांची पोच घ्या, तारीख असलेले फोटो जोडा, आणि एकट्यानं नाही, मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन. महापालिकेकडे रात्री काठी नि टॉर्च घेऊन उंदीर मारणारी माणसं आहेत, नाइट रॅट किलर म्हणतात त्यांना, एका रात्री ३० उंदीर हे त्यांचं टार्गेट. ही माणसं आपल्या खरकट्यात उभी राहून काम करतात, हे बाजूच्या बिल्डिंगमधल्यांना एकदा कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

मुंबईला हे नवीन नाही. १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो मांडवीत, गोदीच्या आणि धान्याच्या वखारींच्या शेजारी. उंदीर मेले की त्यांच्या अंगावरच्या पिसवा रोग घेऊन माणसांवर यायच्या. पुढच्या वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच गेल्या, १० मार्च १८९७ ला. कोंदट वस्त्या मोकळ्या करायच्या म्हणून १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. तुमची गल्ली हवा-उजेडासाठी आणि सांडपाण्याच्या पाइपांसाठी आहे, ती कचराकुंडी नाही, अर्जात हे वाक्य असंच्या असं लिहा.

दोन्ही कमिट्यांची एक बैठक घ्या, चहाला बोलवा, तक्रारीला नको. गल्लीच्या वरच्या खिडक्यांना जाळ्या बसवायचा खर्च दोघांनी मिळून केला तर फेकणं आपोआप कमी होतं. मोरीच्या भोकावर स्क्रूनं बसणारी स्टीलची जाळी लावा, नुसती वर ठेवलेली उंदीर ढकलून येतो.

प्रश्न : शेजारच्या प्लॉटमधून आमच्या अंगणात रात्री लांब नाकाचा, वास मारणारा उंदीर येतो, चिक चिक करतो. पिंजऱ्यात सापडला तर काय करायचं? — नाशिक

उत्तर : ती चिचुंद्री आहे, उंदीर नाही. उंदरांच्या जातीतलीच नाही ती, तिचं खाणं म्हणजे झुरळं, किडे, गोगलगायी. तुमच्या वायरी ती कुरतडत नाही. वास येतो तो तिच्या अंगातल्या ग्रंथींचा. हात लावू नका, चावते. पिंजरा अंगणाच्या कडेला नेऊन कापडाच्या आडून दार उघडा आणि बाजूला व्हा, ती आपली भिंतीच्या कडेकडेनं निघून जाईल.