डिस्क बदलण्याआधी केबल बघा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : घरच्या सर्व्हरवरचा साठा

जुन्या डेस्कटॉपमध्ये तीन-चार हार्ड डिस्क बसवायच्या आणि त्यांचा मिळून एकच मोठा साठा, म्हणजे पूल, करायचा. अशा पूलविषयी आलेली पत्रं या अंकात घेतली आहेत. आज्ञा (कमांड) उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप मात्र रोमन लिपीतच कराव्या लागतात.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. ४ टीबीच्या चार डिस्क झेडएफएस (डिस्कांचा पूल करून सांभाळणारी फाईल-पद्धत) याच्या रेड-झेड-१ मांडणीत आहेत. लाइट जाऊन आली की पूल 'डिग्रेडेड' (कमकुवत झालेला) दाखवतो आणि दोन डिस्कसमोर चेकसमच्या चुका दिसतात. 'झेडपूल क्लिअर' केलं की चार-आठ दिवस ठीक चालतं. दुकानदार म्हणतो दोन्ही डिस्क बदला. बदलू का? (लातूर)

उत्तर : इतक्यात काहीही विकत घेऊ नका, आणि दोन डिस्क एकदम तर मुळीच काढू नका. रेड-झेड-१ एकच डिस्क गेलेली सोसतो. दुसरी काढली की अख्खा पूल गेला. सगळ्यात आधी, ज्या लग्नांचे अल्बम अजून गिऱ्हाइकाच्या हातात पडलेले नाहीत, तेवढी फोल्डरं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. तपास त्यानंतर.

दोन डिस्क एकाच वेळी, एकाच तऱ्हेने बिघडत असतील तर त्या दोघींत सामाईक काय आहे ते शोधायचं. 'झेडपूल स्टेटस -व्ही' केल्यावर रीड, राइट आणि चेकसम असे तीन रकाने दिसतात. रीड किंवा राइटमध्ये आकडे असतील तर डिस्कने काम पुरं केलंच नाही. नुसत्या चेकसममध्ये असतील तर डिस्कने माहिती दिली, पण ती लिहिली होती तशी आली नाही. ती वाटेत बिघडली, किंवा लिहितानाच वीज कमी पडली. चारही डिस्कसमोर चुका असतील तर संशय रॅमवर घ्या आणि रात्रभर मेमटेस्ट चालवा.

मग प्रत्येक डिस्कवर 'स्मार्टसीटीएल -ए' (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद दाखवणारी आज्ञा) चालवा आणि शेवटच्या, म्हणजे रॉ व्हॅल्यूच्या, रकान्यातले चार आकडे तारखेसह वहीत लिहा: क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९. क्रमांक ५ म्हणजे डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. हे तीन शून्य असतील तर डिस्कच्या पृष्ठभागावर शंका घ्यायला जागा कमी. १९९ मात्र डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजतो, आणि तो वाढला की दहापैकी नऊ वेळा केबलकडे बघावं असं आमचं मत आहे. हा आकडा कधीच शून्यावर परत येत नाही. म्हणून तो किती आहे यापेक्षा केबल बदलल्यावर वाढतो का, हे महत्त्वाचं. (सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ आणि ७ समोर अवाढव्य आकडे दिसतात. ती त्यांची नोंद ठेवण्याची रीत आहे, घाबरू नका.)

डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल घेताना टोकाला धातूची चाप असलेलीच घ्या. चाप नसलेली केबल पंख्याच्या थरथरीने केसभर सरकते आणि वरून बघून ते कळतही नाही. केबल बदलूनही चुका येत राहिल्या तर चुका येणाऱ्या डिस्कची आणि चांगल्या डिस्कची केबल आपसांत बदला, अर्थात मशीन बंद करून आणि वायर काढून. चूक केबलमागे गेली तर केबल खराब, डिस्कसोबत राहिली तर डिस्क, मदरबोर्डच्या त्याच पोर्टवर राहिली तर पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट हलवा, नाहीतर काहीच सिद्ध होत नाही.

तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय मात्र विजेच्या वायरीवर आहे, कारण चुका लाइट परत आल्यावर येतात. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. साटाच्या वीज-कनेक्टरमध्ये १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर, म्हणजे एकूण ४.५. एका कनेक्टरवर चार डिस्कचं स्प्लिटर लावलं असेल तर सुरुवातीलाच ८ अँपिअरची मागणी होते, दाब खाली येतो आणि टोकाच्या एक-दोन डिस्क अडखळतात. एका साटा कनेक्टरवर दोनपेक्षा जास्त डिस्क नकोत. जास्त लागल्याच तर पॉवर सप्लायच्या दुसऱ्या वायरीवरून घ्या. मोलेक्स या जुन्या वीज-कनेक्टरवरून साटा करणारा जोड घ्यायचा झाला तर ज्यात वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेल्या असतात तो टाळा. त्यात आतल्या वायरी एकमेकींना चिकटून जळण्याचे प्रकार होतात.

शिवाय बायोसमध्ये वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा. आपल्याकडे लाइट आली की लगेच टिकत नाही, दोन-तीनदा डोळा मारते, आणि प्रत्येक वेळी चारही डिस्क नव्याने फिरायला लागतात.

हे सगळं झाल्यावर 'झेडपूल क्लिअर' आणि मग 'झेडपूल स्क्रब'. क्लिअर फक्त आकडे पुसतं, दुरुस्त काही करत नाही. दुरुस्ती स्क्रब करतं. डिस्क गच्च भरलेल्या असतील तर स्क्रबला सात-आठ तास सहज लागतात. कायमच्या खराब फायलींची यादी आलीच तर त्या फायली कॅमेऱ्याच्या कार्डवरून किंवा दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा टाका.

प्रश्न : क्लासच्या लेक्चरचे व्हिडिओ मर्जरएफएस (वेगवेगळ्या डिस्क एकत्र दाखवणारा प्रोग्राम) याच्या पूलवर आहेत. ४, ४ आणि २ टीबीच्या तीन डिस्क. पूलवर ३ टीबी मोकळी दिसते, तरी नवा व्हिडिओ टाकताना 'जागा शिल्लक नाही' असं येतं. (नांदेड)

उत्तर : पूलची बेरीज बघू नका, प्रत्येक डिस्क वेगळी बघा. 'डीएफ -एच' मध्ये पहिली डिस्क गच्च आणि बाकीच्या मोकळ्या दिसतील. मर्जरएफएस फाईलचे तुकडे करत नाही. प्रत्येक फाईल अखंड कुठल्या तरी एकाच डिस्कवर जाते. कुठल्या, ते 'क्रिएट पॉलिसी' ठरवते. जुन्या आवृत्त्यांत ती मुळात 'ईपीएमएफएस' असायची. तिचा अर्थ असा की ते फोल्डर ज्या डिस्कवर आधीपासून आहे, फक्त त्याच डिस्कांपैकी सर्वांत मोकळीवर फाईल ठेवायची. तुमचं 'दहावी गणित' फोल्डर पहिल्याच डिस्कवर आहे, म्हणून उरलेल्या दोन तिच्या हिशेबात येतच नाहीत.

एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाईल) मधल्या मर्जरएफएसच्या ओळीत 'कॅटेगरी.क्रिएट=एमएफएस', 'मिनफ्रीस्पेस=५०जी' आणि 'मूव्हऑनईएनओएसपीसी=ट्रू' असं लिहा, पूल अनमाउंट करून (सोडवून) परत माउंट करा (जोडा). पहिल्याने फाईल सर्वांत मोकळ्या डिस्कवर जाईल. दुसऱ्याने ५० जीबीपेक्षा कमी उरलेली डिस्क वगळली जाईल. तिसऱ्याने लिहिता लिहिता जागा संपली तर फाईल दुसरीकडे हलवून काम पुढे चालू राहील. ५० चा आकडा तुमच्या सर्वांत मोठ्या व्हिडिओपेक्षा जास्त ठेवायचा, एवढाच नियम.

एक किंमत मोजावी लागते. यापुढे एकाच फोल्डरच्या फायली तिन्ही डिस्कवर विखुरतील, आणि एक डिस्क गेली तर प्रत्येक विषयातले थोडे थोडे व्हिडिओ जातील. मर्जरएफएस स्वतः कसलंही संरक्षण देत नाही, ते फक्त एकत्र दाखवतं.

आणखी थोडी जागा हवी असेल तर ईएक्सटी४ ही लिनक्सची फाईल-पद्धत मुळात ५ टक्के जागा रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. ४ टीबीवर ती २०० जीबी होते. नुसत्या साठ्याच्या डिस्कवर 'ट्यून२एफएस -एम १' ने ती एका टक्क्यावर आणता येते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्कवर हे करू नका.

प्रश्न : स्नॅपरेड (डेटा डिस्कांचा हिशेब, म्हणजे पॅरिटी, वेगळ्या डिस्कवर ठेवून गेलेल्या फायली परत मिळवून देणारा प्रोग्राम) वापरतो. काल दुसरी डेटा डिस्क बंद पडली. रोज रात्री २ वाजता सिंक, म्हणजे पॅरिटी ताजी करणं, आपोआप चालतं. आता काय करू? (अंबाजोगाई)

उत्तर : आधी क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतली) ती सिंकची ओळ बंद करा, हे पत्र पुढे वाचण्याआधी. डिस्कवरच्या सगळ्याच फायली गायब दिसल्या तर स्नॅपरेड स्वतःहून थांबतं, पण अर्ध्याच गायब असतील तर 'काढून टाकल्या' असं समजून पॅरिटी नवी करून टाकतं. मग परत मिळवायला काही उरत नाही. तोवर बाकीच्या डिस्कवरूनही एकही फाईल पुसू नका किंवा बदलू नका, कारण हरवलेली फाईल त्यांच्याच आधारावर उभी करायची आहे.

नवी डिस्क फॉरमॅट करून त्याच जागी माउंट करा. मग 'स्नॅपरेड -डी डी२ -एल फिक्स.लॉग फिक्स' (डी२ म्हणजे तुमच्या कॉन्फिग फाईलमधलं त्या डिस्कचं नाव). संपल्यावर 'स्नॅपरेड -डी डी२ -ए चेक', आणि ते निर्धोक निघालं तरच सिंक. शेवटच्या सिंकनंतर आलेल्या फायली या मार्गाने परत येणार नाहीत.

यापुढे एक सवय लावून घ्या. डिस्क माउंट नसताना तिच्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचएटीटीआर +आय' लावून ठेवा, म्हणजे त्या फोल्डरात काही लिहिताच येणार नाही. नाहीतर डिस्क न लागताच सर्व्हर सुरू झाला तर पूलवरच्या फायली गुपचूप ऑपरेटिंग सिस्टिमच्या छोट्या एसएसडीवर लिहिल्या जातात, आणि ती भरली की सगळंच अडतं.

प्रश्न : बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी ४ टीबी लावली. सहा दिवस झाले, रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर माहिती परत भरणं) संपत नाही. वेग सेकंदाला १० एमबीच्याही खाली येतो. नवी डिस्कपण खराब निघाली का? (जालना)

उत्तर : खराब नसेल, चुकीच्या जातीची असेल. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये माहितीचे पट्टे घरावरच्या पत्र्यांसारखे एकावर एक चढवलेले असतात. खालचा एक पत्रा बदलायचा तर वरचे सगळे उचलावे लागतात. थोडं लिहिताना हे जाणवत नाही, कारण डिस्क आधी राखीव जागेत लिहून घेते आणि निवांतपणी लावून ठेवते. रिसिल्व्हरमध्ये निवांतपणा मिळतच नाही. राखीव जागा भरते आणि वेग कोसळतो.

लेबलवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. सीगेटची बॅराकुडा एसटी४०००डीएम००४ ही एसएमआर आहे. डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं, त्यांच्या नंबरात ईएफएएक्स ही अक्षरं असतात. त्यानंतर कंपनीने सीएमआर, म्हणजे पट्टे एकावर एक न चढवणाऱ्या, डिस्कना 'रेड प्लस' हे नाव दिलं. सीगेट आयर्नवुल्फ सीएमआर आहे. दुकानात 'नासची (नेटवर्कवरच्या साठ्याची) डिस्क द्या' एवढंच म्हणून भागत नाही, 'सीएमआरच हवी' असं सांगा आणि बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या.

टक्का हळू का होईना पुढे सरकत असेल तर मध्येच तोडू नका, पुरं होऊ द्या. डिस्क वारंवार पूलबाहेर फेकली जात असेल तर मात्र सीएमआर आणून 'झेडपूल रिप्लेस' करा.

प्रश्न : पत्र्याच्या खोलीत सर्व्हर आहे. मे महिन्यात डिस्कचं तापमान ५६ अंश दाखवतं. शिवाय घरच्या इन्व्हर्टरवर असूनही लाइट गेली की रीस्टार्ट होतो. (परभणी)

उत्तर : रीस्टार्टचं आधी. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं. नॉर्मलवर वीज बदलायला लागणारा वेळ पंखा-दिव्याला चालतो, कॉम्प्युटरला नाही. बटण यूपीएसवर करा. मात्र त्या स्थितीत १८० व्होल्टच्या आसपास दाब उतरला की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. संध्याकाळी दाब पडणाऱ्या गावात बॅटरी उतरत राहते. म्हणून सर्व्हरपुरता यूएसबी जोडणी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस वेगळा घेणं बरं. चार डिस्कचं साधं मशीन ५०-६० वॅटवर चालतं. 'नट' हा प्रोग्राम लावून बॅटरी उतरत आल्यावर सर्व्हर आपोआप नीट बंद होईल असं करा. यूपीएसची बॅटरी वर्षातून एकदा प्लग काढून तपासा.

अर्थिंगही बघून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी घाला आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावा. तीन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरमनला बोलवा.

तापमानाची कमाल मर्यादा डिस्कच्या कंपन्या साधारण ६० ते ६५ अंश देतात, पण ४५ च्या आत ठेवायचा प्रयत्न असू द्या. खोलीच ४२ ला असेल तेव्हा ५० च्या खाली आलं तरी खूप. दोन डिस्कमध्ये एक खण रिकामा सोडा आणि समोरून १२० मिमीचा पंखा थेट त्यांच्यावर बसवा. कूलरचा झोत मशीनवर घेऊ नका. दमट हवेने आतली धूळ चिकटून बसते. एप्रिल-मेमध्ये स्क्रब दुपारी नको, पहाटे ३ ला लावा.

प्रश्न : कीर्तनांची रेकॉर्डिंग विंडोजच्या डिस्कवरून सर्व्हरवर घेताना काही फायली 'नाव फार लांब' म्हणून अडतात. विंडोजवर तीच नावं चालतात. (धाराशिव)

उत्तर : ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या लिनक्सच्या फाईल-पद्धतींमध्ये फाईलच्या नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. 'कीर्तन' या शब्दाचीच सहा होतात. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ बाइट नव्हे, २५५ चिन्हं बसतात, म्हणून तिथे अडचण आली नाही. कीर्तनकार, गाव आणि तारीख फोल्डरच्या नावात घाला आणि फाईलच्या नावात फक्त अभंगाचा पहिला चरण ठेवा.