वाचकांचे प्रश्न : बेटावरची जलक्रीडा बेटकऱ्यांच्या हाती कशी राहील?

प्रश्न : बेलापूर परिसरातील आम्ही काही तरुण-तरुणी पोहणे आणि कयाकिंग शिकलो आहोत. घारापुरीच्या शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तिन्ही गावांतील मुलामुलींना ते शिकवावे आणि पुढे त्यातून तेथील घरांना उत्पन्न मिळावे, अशी आमची इच्छा आहे. एक उद्योजक कयाक आणि दोन जेट स्की विनामूल्य द्यायला तयार आहेत. सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, दिवाळे, नवी मुंबई

उत्तर : साहित्य मिळते आहे म्हणून साहित्यापासून सुरुवात करू नका, हे मी आधीच कळकळीने सांगतो. कयाक, परवाना आणि दर ठरवण्याचा अधिकार बेटाबाहेरच्या माणसाकडे राहिला, तर गावातल्या मुलाच्या वाट्याला रोजंदारीवर दोर धरण्याचेच काम येते, आणि त्याला कोणी सक्षमीकरण म्हणू नये. त्यामुळे उद्योजकांशी बोलण्याआधी ग्रामपंचायत, महिला बचत गट आणि बोटवाले यांच्यासमोर बसून होड्या कोणाच्या नावावर राहतील, फेऱ्यांची पाळी कशी लागेल आणि दुरुस्तीसाठी किती रक्कम बाजूला निघेल, हे कागदावर घ्या. देणगी द्यायची असेल, तर ती गटाच्या नावे द्यावी.

मालकीवर माझा एवढा भर का, हे मालदीवच्या अनुभवावरून लक्षात येईल. २०१० च्या सुमारास नियम बदलेपर्यंत तेथील पर्यटन मुख्यतः निर्मनुष्य बेटांवरच्या रिसॉर्टपुरते मर्यादित होते. वस्तीच्या बेटांवर अतिथीगृहांना मुभा मिळाल्यानंतर माफुशी, थुलुस्धू अशा गावांतील कुटुंबांनाही खोल्या भाड्याने देता येऊ लागल्या आणि स्नॉर्केलिंगच्या फेऱ्या, सर्फिंगची शिकवणी यांचे उत्पन्न गावात येण्याची वाट खुली झाली. पापुआ न्यू गिनीत सर्फिंग संघटनेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. ज्या गावासमोर लाट फुटते त्या गावाचा तिच्यावरचा हक्क मानायचा, एका वेळी किती सर्फर उतरतील याला मर्यादा घालायची आणि पाहुण्यांकडून घेतलेल्या शुल्काचा वाटा गावाला द्यायचा, अशी तेथील व्यवस्था आहे. आपल्याकडे वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात आणि त्याची माहितीही स्वतःच देतात. मला हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्या गटाला इंजिनाची गरज पडली नाही आणि खाडीची जी ओळख त्यांना जन्मापासून होती, तिचेच त्यांना मोल मिळाले.

आता घारापुरीविषयी. लेण्यांमुळे पर्यटक तेथे येतातच. २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकल्यावर बेटावर वीजही पोहोचली. तरीही बहुतेक पर्यटक धक्क्यावर उतरतात, पायऱ्या चढतात आणि संध्याकाळच्या आत परत फिरतात, त्यामुळे दुकाने आणि खानावळी वगळता गावाच्या हाती फारसे लागत नाही. सोमवारी लेणी बंद असतात. धंद्याची धावपळ नसल्याने मोठ्या माणसांच्या प्रशिक्षणाला हाच दिवस सोयीचा; शाळकरी मुलांसाठी मात्र सुटीचा दिवस पाहावा लागेल.

जागा निवडताना घाई करू नका. पश्चिमेला जवाहर द्वीपाचा तेलधक्का आणि दक्षिणेकडे जवाहरलाल नेहरू बंदराची जहाजे असल्यामुळे कयाक उथळ, आडोशाच्या पाण्याबाहेर जाता कामा नये. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो. सकाळी जेथे कमरेइतके पाणी होते, तेथे दुपारी गुडघाभर चिखल असतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक कमी असतो तेव्हा, भरती पूर्ण व्हायच्या आधीच्या तासा-दीड तासात शिकवणी ठेवावी, आणि वेळ कोणती हे गावातल्या जुन्या तांडेलाला विचारून ठरवावे. खडकांवरची कालवे पाय कापतात, म्हणून मुलांच्या पायांत जुने बंद बूट हवेत.

पहिल्या काही आठवड्यांत वल्हे हातात देऊच नका. पाठीवर तरंगणे, उलटलेल्या कयाकला धरून राहणे आणि ती सरळ करून पुन्हा वर चढणे, एवढेच कमरेइतक्या पाण्यात करून घ्या. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून झाले की प्रत्येक मुलाचे जॅकेट खांद्याजवळ धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले, तर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर अशी अवस्था होते. लहान मुलांसाठी मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलेच जॅकेट घ्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून जी जीवितहानी झाली, त्यानंतर या बाबतीत कोणाचीही भीड ठेवण्याचे कारण नाही.

यथावकाश गावातीलच काही जणांना गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षक आणि पॉवरबोट हाताळणीच्या अभ्यासक्रमासाठी पाठवा. प्रमाणपत्र बेटावरच्या माणसाच्या नावावर असेल, तर उद्या तुम्ही नोकरीधंद्यानिमित्त पांगलात तरी काम थांबणार नाही. व्यावसायिक फेऱ्यांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आणि विमा लागेल. ते झाल्याशिवाय एकाही पर्यटकाकडून पैसे घेऊ नका.

प्रश्न : ठाणे खाडीत जेट स्की सुरू झाल्या, तर कोळीवाड्यांतील मुलांना रोजगार मिळेल, असे आम्हाला सांगितले जाते. आपले मत काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : माझे मत प्रतिकूल आहे. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. चिखलावर चरणारे पक्षी यंत्राच्या आवाजाने आणि लाटांनी उठतात, जाळी लावून बसलेल्या मच्छीमारालाही त्याचा त्रास होतो, आणि यंत्र महाग असल्यामुळे मालकी आपोआप भांडवलवाल्याकडे जाते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून पक्षी दाखवणाऱ्या बोटी निघतात. त्या धर्तीवर माहीतगार मार्गदर्शक म्हणून कोळीवाड्यातील मुलामुलींना तयार करणे अधिक टिकाऊ आहे. कांदळवनालगतच्या गावांतील गटांसाठी राज्य शासनाची २०१७ पासूनची उपजीविका योजना आहे. तिच्यात निसर्ग पर्यटनाचाही समावेश आहे. वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे चौकशी करावी.

प्रश्न : आमच्या गटात मुली यायला तयार आहेत, पण पोहण्याच्या कपड्यांवरून घरची वडीलधारी माणसे नको म्हणतात. त्यांना कसे समजवावे?
– एक वाचक भगिनी, करावे, नवी मुंबई

उत्तर : ताई, वडीलधाऱ्यांशी वाद घालण्याऐवजी त्यांची अडचण सोडवावी, असे मला वाटते. झांझिबार बेटावरील नुंगवी गावात हीच अडचण होती. चारही बाजूंनी समुद्र असूनही तेथील बहुतेक मुलींना पोहता येत नव्हते. तेथे अंगभर पोहण्याचा पोशाख देण्यात आला आणि गावातल्याच स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार करण्यात आले, तेव्हा मुली पाण्यात उतरू लागल्या. आपल्याकडे पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची अंगाबरोबर बसणारी लेगिंग पुरते; ओढणी आणि घेरदार कुर्ता मात्र नको, कारण भिजल्यावर ते हातापायांत अडकतात. मुलींची तुकडी वेगळी ठेवा, शिकवायला बाई ठेवा आणि पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या आईला किंवा आजीला काठावर बसायला बोलवा. आयांपैकी कोणाला पाण्यात उतरावेसे वाटले, तर तिच्यासाठीही एक जॅकेट जास्तीचे न्या.