पाचव्या ओळीतला विषय

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी ओट्यावर बसून तू अमेरिकेतल्या कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरच्या विषयांची यादी दाखवलीस, तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून मी फारसं बोलले नाही. कॅल्क्युलस, प्रोग्रामिंग, अर्थशास्त्र, इंग्रजी लेखन. पाचव्या ओळीत काहीतरी लिहून खोडलेलं, आणि वर बाबांच्या अक्षरात 'डेटा सायन्स'. रागावू नकोस, मी कागद उजेडाला धरून खालचं वाचलं. 'कलेचा इतिहास' होतं.

रावपुऱ्यात तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांसमोर वही घेऊन तासन्‌तास बसणारी मुलगी तू. ती खोडलेली ओळ परत लिही, हे सांगायला लिहिते आहे. डेटा सायन्स दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरलाही घेता येईल, आणि थोडं प्रोग्रामिंग येत असलं की ते जास्त कळेल.

आपल्याकडे दहावीनंतर सायन्स की कॉमर्स ठरलं की रस्ता ठरला. तिथे तसं नाही. बऱ्याच कॉलेजांत मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत जाहीर करता येतो. मात्र मोठ्या विद्यापीठांतून कम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगला मागाहून शिरणं अवघड असतं. जागा मोजक्या असतात आणि पहिल्या वर्षाचे ग्रेड बघतात. तुझ्या कॉलेजात नियम काय आहे, हे विषय निवडायला मदत करणाऱ्या ॲडव्हायजरला आत्ताच ईमेल करून विचार. तिथे पोचेपर्यंत थांबू नकोस.

आपल्या बडोद्यातलीच गोष्ट घे. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असं सगळं घेतलं. जातिसंस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध त्यांनी १९१६ मध्ये वाचला तो मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, अर्थशास्त्राच्या नव्हे. बाबांना हे सांग. त्यांना पटेल.

आता गणिताचं. हे मी जीव तोडून सांगते, कारण माझं इथेच चुकलं. मार्चमध्ये बारावीची परीक्षा झाली आणि ऑगस्टपर्यंत मी गणिताच्या पुस्तकाला हात लावला नाही. तिथे उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी प्लेसमेंट टेस्ट होती, म्हणजे गणिताच्या कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा. डोळ्यांवर झोप, समोर त्रिकोणमिती, आणि बारावीत डोळे मिटून सोडवलेली गणितं आठवेनात. मला कॅल्क्युलसच्या आधीच्या, खालच्या वर्गात घातलं. एवढ्याने काय होतं, असं तेव्हा वाटलं. पण कॅल्क्युलसशिवाय अर्थशास्त्राचे वरचे वर्ग मिळेनात, ते झाल्याशिवाय इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्रात संख्याशास्त्र वापरायचा विषय, मिळेना. सगळं पुढे ढकलत शेवटच्या वर्षात येऊन साठलं, आणि ज्या संख्याशास्त्राच्या वर्गासाठी मी आसुसले होते तो राहूनच गेला. तिथे विषय साखळीसारखे एकात एक अडकलेले असतात. म्हणून तुझ्या यादीतला कॅल्क्युलस कोणी कितीही सांगितलं तरी हलवू नकोस.

बाबांची काळजी मात्र खोटी नाही. एवढे पैसे घालायचे तर नोकरीचा विचार हवाच. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर पदवीनंतर १२ महिने आपल्या विषयात काम करता येतं. मेजर स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) सरकारी यादीतला असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. ते विषयाच्या नावावर नाही, अभ्यासक्रमाला दिलेल्या कोडवर ठरतं. साधं अर्थशास्त्र त्या यादीत नाही, इकॉनोमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा कोड आहे, आणि कुठलं कॉलेज आपला अभ्यासक्रम कुठल्या कोडखाली घालतं ते वेगवेगळं असतं. हा कोड तुझ्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवर, मेजरच्या नावाशेजारी छापलेला असतो. पुढे मेजर बदललास तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात सांगून आय-२० ही बदलून घे.

आणखी एक. प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात; व्हिसासाठी दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात, आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरतात. तुझ्या यादीत कॅल्क्युलसचे ४ आणि बाकी प्रत्येकी ३ असे १६ होतात. एखादा विषय झेपला नाही तर सोडून १३ उरतील, म्हणून पाच विषय ठीक आहेत. पण त्या ऑफिसच्या परवानगीशिवाय १२ च्या खाली जायचं नाही, कितीही रडू आलं तरी.

प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स असतात. आपल्याला संकोच वाटतो, सर कामात असतील असं वाटतं. ती वेळ तुझ्यासारख्यांसाठीच राखलेली असते. पहिल्याच आठवड्यात जा, आणि कलेच्या इतिहासाच्या बाईंना वाड्यातली चित्रं काढलेली ती वही दाखव.

तुझी प्लेसमेंट टेस्ट ऑनलाइन आहे आणि अजून तीन आठवडे आहेत. गुरुवारी संध्याकाळी मी घरीच आहे. बारावीचं गणिताचं पुस्तक घेऊन ये, त्रिकोणमितीपासून सुरू करू. बाबांनाही घेऊन ये.

तुझी,
मावशी