वाचकांचे प्रश्न : ज्वाळा बसल्यानंतरची आग

प्रश्न : आमच्या वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत पालापाचोळा आणि त्यात मिसळलेले प्लॅस्टिक रोज संध्याकाळी पेटवले जाते. अर्ध्या तासात ज्वाळा विझतात, मग एवढी ओरड कशाला, असे आम्हालाच विचारले जाते. धूर मात्र रात्रभर घरात येत राहतो. आमची तक्रार अवाजवी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. ज्वाळा विझल्याचा जो हवाला आपल्याला दिला जातो, तिथूनच खरे तर धुराचा त्रास वाढतो. भडकलेल्या आगीत उष्णता आणि प्राणवायू पुरेसा असल्याने धुरातील बरीचशी द्रव्ये ज्वाळेतच जळून जातात. ज्वाळा बसली की ओलसर पाने आणि ढिगाचा दाबलेला गाभा नुसता धुमसू लागतो, आणि या अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, डोळ्यांना झोंबणारी रसायने व २.५ मायक्रोमीटरहून लहान कण मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून हे कण किती बारीक असतात याची कल्पना येईल. ते फुफ्फुसांत खोलवर पोहोचतात आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने फारसे अडत नाहीत. दमेकरी, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्या व्यक्तींना त्यांचा धोका अधिक असतो.

त्यात संध्याकाळची वेळ अगदी चुकीची. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा आधी थंड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर वर न जाता खिडक्यांच्या उंचीवरच पसरत राहतो. पेटवणारा तोवर घरी गेलेला असतो.

प्लॅस्टिकचा मुद्दा याहून गंभीर आहे. पीव्हीसीच्या नळ्या, वायरींची आवरणे यांत क्लोरीन असते आणि ती उघड्यावर जळताना डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी, वर्षानुवर्षे टिकणारी संयुगे तयार होऊ शकतात. कचरा जाळण्याच्या बंदिस्त भट्ट्यांत ती नष्ट व्हावीत म्हणून ज्वलनातून निघणारे वायू ८५० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात किमान दोन सेकंद ठेवले जातात. उघड्या, धुमसत्या ढिगात ना ते तापमान मिळते, ना धूर गाळण्याची सोय असते. दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांना आळा घालण्यासाठी २००१ मध्ये झालेल्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारानेही कचऱ्याचे उघड्यावरील ज्वलन हा डायॉक्सिनचा एक स्रोत म्हणून नोंदवला आहे. अशा ढिगाची राख झाडांना खत म्हणून घालू नये. रंगवलेले किंवा वाळवी लागू नये म्हणून रसायने लावलेले लाकूड त्यात जळले असेल, तर मुळीच नाही.

प्रश्न : रात्री विझलेला ढीग दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप पेटला आणि कुंपणाजवळचे वाळलेले गवत जळाले. हे कसे घडले असावे?

उत्तर : तो विझलेला नव्हता. राख ही उष्णता धरून ठेवणारी दुलई आहे. तिच्याखाली निखारे कित्येक तास, मोठ्या ढिगात तर काही दिवसही, जिवंत राहतात आणि दुपारच्या वाऱ्याने राख उडाली की त्यांना प्राणवायू मिळतो. वरून माती लोटून निघून जाण्याची सवय म्हणूनच फसवी असते. ढिगावर भरपूर पाणी ओतावे, फावड्याने तो तळापासून उलटापालटा करावा, पुन्हा पाणी घालावे आणि वाफ व चरचर पूर्ण थांबल्यावर हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन, स्पर्श न करता, धग तपासावी. वरवर थंड दिसणाऱ्या राखेत अनवाणी पाय पडून मुले भाजतात. तसे झाल्यास भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या, साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

मिश्र कचऱ्यात अत्तराचे फवारे आणि मोबाइलच्या बॅटऱ्याही असतात. फवाऱ्याचा डबा तापला की फुटून दूर उडतो, लिथियमची बॅटरी अचानक भडकते. ढीग पेट घेत नाही म्हणून पेट्रोल ओतणे तर निव्वळ आत्मघात आहे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच ओढणाऱ्याच्या पायांपर्यंत सगळे एकदम पेटते.

प्रश्न : शेजाऱ्यांशी वितुष्ट न येता हे थांबवता येईल का?

उत्तर : धूर चालू असताना बोलायला जाऊ नये; तेव्हा दोन्ही बाजूंचा पारा चढलेला असतो. दिवस, वेळ, वाऱ्याची दिशा आणि घरात कोणाला काय त्रास झाला याची आठवडाभर नोंद ठेवून मग बैठकीत विषय मांडावा, आणि पाचोळ्याचे करायचे काय याचे उत्तर सोबत न्यावे. वाळलेली पाने स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याबरोबर थरांनी रचून ओलसर ठेवली आणि अधूनमधून चाळवली तर त्यांचे खत होते. पानांचे प्रमाण ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवल्यास वासही फारसा येत नाही. मात्र ज्वाळा विजेच्या तारा, गॅस सिलिंडर किंवा वाहनांच्या दिशेने सरकत असतील, तर भिडेखातर थांबू नये. आधी माणसांना दूर करावे आणि लगेच अग्निशमन दलाला कळवावे.